वाचकांचे प्रश्न : इंग्रजी एक, मग उच्चार इतके का?

प्रश्न : इंग्रजी मुलाखती ऐकताना लंडनचा माणूस एका तऱ्हेने, स्कॉटलंडचा दुसऱ्या, अमेरिकेतला तिसऱ्या आणि ऑस्ट्रेलियातला चौथ्याच तऱ्हेने बोलतो असे जाणवते. व्याकरण एक, स्पेलिंग जवळजवळ एक. मग उच्चारच एवढे निरनिराळे का? आणि यांतले मूळ, शुद्ध इंग्रजी कोणाचे मानायचे?

उत्तर : आपल्या प्रश्नातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहे. कधीतरी एक शुद्ध इंग्रजी होते आणि लोकांनी ते आपापल्या परीने बिघडवले, असे चित्र आपल्या मनात असते. ते खरे नाही. पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मानिक टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या, त्या आपापली बोली घेऊनच आल्या आणि वेगवेगळ्या भागांत स्थिरावल्या. त्यामुळे सर्वांत जुन्या लिखित इंग्रजीतही नॉर्थम्ब्रियन, मर्शियन, केंटिश आणि वेस्ट सॅक्सन अशा चार बोली स्पष्ट दिसतात. पुढे उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वस्ती करून राहिले, त्यांच्या भाषेची भर पडली. म्हणजे इंग्रजी जन्मापासूनच अनेक तोंडांनी बोलली गेली. दर बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण स्वतःच्या भाषेबद्दल सहज मान्य करतो. इंग्रजीबद्दल मात्र, ती पुस्तकातून शिकल्यामुळे, ते आपल्या ध्यानात येत नाही.

आता हे फरक पडतात कसे ते पाहू. बोलताना कोणाचीही जीभ दर वेळी अगदी त्याच जागी जात नाही. या बारीक फरकांपैकी एखादा एका भागात रूढ होतो, मुले तो मोठ्यांकडून उचलतात, किंचित पुढे नेतात, आणि जिथवर लोकांचे एकमेकांशी रोजचे बोलणे आहे तिथवर तो पसरतो. जिथे दळणवळण तुटते तिथे बदलही थांबतो. 'कप' हा साधा शब्द घ्या. शेक्सपिअरच्या काळात 'कट' आणि 'पुट' या शब्दांचे यमक जुळत असे, कारण दोन्हींत ऱ्हस्व 'उ' होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा 'उ' बहुसंख्य शब्दांत सुटून 'अ'कडे झुकला. 'पुट', 'पुल', 'बुल' अशा थोड्या शब्दांत मात्र तो तसाच राहिला. उत्तर इंग्लंडपर्यंत हा बदल पोहोचलाच नाही. त्यामुळे तिथे आजही अनेक जण 'कुप', 'लुव्ह' असेच म्हणतात, आणि दक्षिणेत निराळे ऐकू येणारे 'लक' आणि 'लुक' हे शब्द त्यांच्या तोंडी पुष्कळदा सारखेच असतात. आता यात चूक कोणाची म्हणायची? जुना उच्चार उत्तरेने राखला, नवा दक्षिणेने केला, आणि प्रतिष्ठा नव्याला मिळाली, कारण राजधानी, दरबार आणि छापखाने दक्षिणेत होते. 'बाथ', 'ग्रास' या शब्दांतील लांब 'आ'ची गोष्टही थोड्याफार फरकाने अशीच आहे.

'र'ची कहाणी मात्र थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. 'कार', 'पार्क', 'फोर्थ' या शब्दांत स्वरानंतर येणारा 'र' सतराव्या शतकापर्यंत लंडनमध्येही उच्चारला जात असे. अठराव्या शतकात तो तिथे क्षीण होत गेला. जॉन वॉकर यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उच्चारकोशात नोंदवले आहे, की लंडनमध्ये 'कार्ड', 'बार्ड' यांतील 'र' म्हणजे लांबवलेल्या 'आ'पेक्षा फारसे काही उरलेले नाही. पण अमेरिकेतील वसाहती त्याआधीच सुरू झाल्या होत्या. जेम्सटाउनची स्थापना १६०७ ची. ते वसाहतकार आपला 'र' बरोबर घेऊन गेले होते. पुढे उत्तर आयर्लंडमधून हजारो कुटुंबे अमेरिकेच्या डोंगराळ भागात जाऊन वसली, त्यांच्याही बोलीत 'र' ठसठशीत होता. याउलट बॉस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्स्टन अशा ज्या बंदरांचा लंडनशी नित्य व्यवहार होता, तिथे लंडनच्या अनुकरणाने 'र' गळाला. आज आपण ज्याला खास 'अमेरिकन' म्हणतो तो 'र' या अर्थाने इंग्लंडचाच जुना ठेवा आहे, हे कळल्यावर मूळ आणि शुद्ध हे शब्द किती निसरडे आहेत ते लक्षात येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये वारे उलटे फिरले. 'र' न उच्चारणे मागासलेपणाचे आणि उच्चारणे प्रतिष्ठेचे ठरू लागले. विल्यम लेबोव्ह या भाषावैज्ञानिकाने १९६२ मध्ये हे एका साध्या युक्तीने दाखवून दिले. न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत तो गेला: एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे आणि एक स्वस्त मालाचे. चौथ्या मजल्यावर मिळते हे आधीच ठाऊक असलेली एखादी वस्तू कुठे मिळेल, असे तो विक्रेत्यांना विचारी. उत्तर अर्थातच 'फोर्थ फ्लोअर'. मग नीट ऐकू आले नाही असे दाखवून तो किंचित पुढे वाके, आणि विक्रेता तेच दोन शब्द अधिक सावधपणे उच्चारी. लगेच आडोशाला जाऊन लेबोव्ह 'र' आला की नाही याची नोंद करी. श्रीमंतांच्या दुकानातील विक्रेत्यांच्या तोंडी 'र' सर्वाधिक, मध्यम दुकानात त्याहून कमी आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी आढळला. शिवाय दुसऱ्यांदा सांगताना त्याचे प्रमाण वाढले. शहर एक, मजला तोच, शब्दही तेच. बदलत होती ती फक्त आपण कोणासमोर उभे आहोत याची जाणीव. उच्चार भूगोलाने ठरतात तसेच ते समाजातील पायऱ्यांनीही ठरतात, हे मला तरी या प्रयोगाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा प्रश्न वेगळा आहे. तिथे 'र' नाही, कारण १७८८ पासून तिकडे गेलेल्या इंग्रजीभाषकांवर आग्नेय इंग्लंडची छाप मोठी होती आणि तोवर तिथला 'र' गळू लागला होता. पण त्यांच्यात आयरिश होते, स्कॉटिश होते, उत्तरेचेही होते. या सगळ्यांतून एकच उच्चारढब कशी तयार झाली? याचा पुरावा योगायोगाने उपलब्ध आहे. १९४६ ते १९४८ या काळात न्यूझीलंडच्या नभोवाणीचे एक फिरते पथक गावोगावी जाऊन वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत होते. त्यांतले काही जण १८५० ते १८७० च्या दरम्यान तिथेच जन्मलेले, म्हणजे वसाहतकारांच्या पहिल्या पिढीतली मुले होती. पुढे भाषा-अभ्यासकांनी या ध्वनिमुद्रिका काळजीपूर्वक ऐकल्या, तेव्हा एकाच गावात वाढलेल्या माणसांचेही उच्चार एकमेकांशी जुळत नसल्याचे आढळले. समोर एकच असा नमुना नसल्याने प्रत्येकाने घरच्या आणि शेजारच्या बोलींतून हाती लागले ते उचलले होते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत ही विस्कळीत सरमिसळ स्थिरावली आणि आजचा न्यूझीलंडचा हेल घडला.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते. लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही शहरे जेमतेम पन्नास किलोमीटर अंतरावर आहेत, तरी दोन्हीकडचा माणूस दोन वाक्यांत ओळखू येतो. सिडनी आणि पर्थ यांच्यात तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर असूनही तिथल्या उच्चारांत फारसा फरक नाही. इंग्लंडमध्ये भाषेला फुटवे फुटायला दीड हजार वर्षे मिळाली, ऑस्ट्रेलियात जेमतेम सव्वादोनशे. शिवाय लिव्हरपूलमध्ये १८४० च्या दशकातील दुष्काळात आयर्लंडहून लोकांचे लोंढे आले आणि त्यांच्या बोलीने त्या शहराचा हेल शेजाऱ्यांपासून दूर नेला.

राहता राहिले ते मनाचे कारण, आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत हृद्य आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. १९६१ मध्ये लेबोव्ह तिथे गेला, तेव्हा तिथली मासेमारी डबघाईला आली होती आणि उन्हाळ्यात येणाऱ्या श्रीमंत पर्यटकांनी जागा विकत घ्यायला सुरुवात केली होती. बेटावरचे काही लोक 'राइट' आणि 'हाउस' या शब्दांतील जोडस्वर 'आ'ऐवजी 'अ'पासून सुरू करत, म्हणजे ते जवळजवळ आपल्या 'ऐ' आणि 'औ'सारखे, 'रैट' आणि 'हौस' असे ऐकू येत. ही जुनी ढब मुख्य भूमीवर मागे पडत चाललेली असताना बेटावर मात्र ती बळावत होती, आणि तीही म्हाताऱ्यांपेक्षा तिशी-चाळिशीतल्या माणसांत. ज्यांना बेटावरच राहायचे होते, ज्यांना ते आपले वाटत होते, त्यांच्या तोंडी ती जास्त होती. ज्यांचा विचार शिकून बाहेर पडण्याचा होता, त्यांच्या तोंडी ती जवळजवळ नव्हती. असे बोलायचे हे कोणी ठरवले नव्हते. तरी आपण इथले आहोत ही गोष्ट त्यांची जीभ सांगत होती.

प्रश्न : मग इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांचे काय? मराठी, बंगाली, जपानी किंवा स्पॅनिश भाषक एकच इंग्रजी शिकतात, तरी प्रत्येकाची मातृभाषा लगेच कळते. इतकी वर्षे शिकूनही ती का लपत नाही?

उत्तर : याचे उत्तर जिभेपेक्षा कानात अधिक आहे. एक छोटा प्रयोग आत्ताच करून पाहा. 'ताट' म्हणा आणि जिभेचे टोक कुठे लागते ते पाहा: 'त' म्हणताना ते वरच्या दातांच्या आतल्या बाजूला लागते आणि 'ट' म्हणताना मागे वळून टाळूकडे जाते. इंग्लंड-अमेरिकेतील माणसाच्या 'टेबल'मधले पहिले व्यंजन या दोन्ही जागी नसते. त्याची जीभ दातांच्या मुळाशी, हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. मराठीत त्या जागी असा ध्वनी नाही, म्हणून आपला कान तो जवळच्या कप्प्यात टाकतो, आणि तो कप्पा 'ट'चा. टेबल, टायर, डॉक्टर, स्टेशन या सगळ्या उसन्या शब्दांत 'ट' आणि 'ड' आले ते यामुळे. 'त' आणि 'थ' यांच्या रिकाम्या राहिलेल्या जागेत आपण दातांत जीभ धरून हवा सोडण्याचा इंग्रजी ध्वनी बसवला आणि थर्मामीटर, थिएटर म्हणू लागलो. उलट बाजूने पाहिले, तर इंग्रजी भाषकाला आपले 'ताट' आणि 'टाट' वेगळे ऐकूच येत नाहीत.

हा कान फार लवकर घडतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये कॅनडातील आपले संशोधन प्रसिद्ध केले, त्यात इंग्रजीभाषक घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकवले होते. ध्वनी बदलला की बाळाने मान वळवावी आणि मग त्याला हलणारे खेळणे दिसावे, अशी ती योजना होती. सहा ते आठ महिन्यांची बाळे हा फरक ओळखून मान वळवत. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो जमला नाही. म्हणजे पहिला शब्द नीट फुटण्याआधीच मूल आपल्या भाषेत कोणते फरक कामाचे आहेत हे ठरवून मोकळे होते आणि बाकीचे सोडून देते. जन्मतः त्याचा कान जगातल्या बहुतेक भाषांना उघडा असतो, आणि वर्षभरात तो एका घरचा होतो. हे वाचताना मला दर वेळी थोडे गलबलून येते.

पुढे शिकलेली प्रत्येक भाषा या घडलेल्या कानातून आणि सरावलेल्या जिभेतून येते. जपानीत 'र' आणि 'ल' असा भेद नसल्याने 'राइट' आणि 'लाइट' यांची गल्लत होते. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या आरंभी 'स्क', 'स्प' अशी जोडाक्षरे येत नाहीत, म्हणून 'एस्कूल' होते. बंगाली भाषकाचा 'व्ह' अनेकदा 'भ'कडे झुकतो. मराठीत आपण 'व्हॅन' आणि 'वन' असे वेगळे लिहितो, पण बोलताना 'व्ह' आणि 'व' पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. शिवाय आपण इंग्रजी कानांपेक्षा डोळ्यांनी, म्हणजे पुस्तकातून शिकलो, त्यामुळे स्पेलिंगमध्ये दिसलेला प्रत्येक 'र' आपण प्रामाणिकपणे उच्चारतो.

मूल लहान असेल तर हे सगळे बदलू शकते. लंडन आणि बर्मिंगहॅम यांच्यामध्ये वसवलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात चार वर्षांच्या मुलांचे उच्चार बऱ्याच अंशी आईवडिलांसारखे, तर आठ आणि बारा वर्षांच्या मुलांचे सवंगड्यांसारखे असल्याचे आढळले. मूल बोलायला शिकते आईकडून, पण त्याचा हेल ठरवतात मित्र. पौगंडावस्थेनंतर नवा हेल पूर्णपणे अंगवळणी पडणे दुर्मिळ आहे.

प्रश्न : दूरचित्रवाणी आणि इंटरनेटमुळे काही वर्षांत सगळे एकसारखे इंग्रजी बोलू लागतील का?

उत्तर : तशी चिन्हे नाहीत. ऐकून शब्द पसरतात. उच्चार मुख्यतः एकमेकांशी बोलून पसरतात, आणि पडदा आपल्याशी बोलत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, घरोघरी दूरचित्रवाणी असताना, शिकागो, डेट्रॉइट आणि बफेलो या शहरांच्या पट्ट्यात अनेक स्वर एकापाठोपाठ सरकत गेले आणि तिथले बोलणे इतर अमेरिकेपासून आणखी दूर गेले. मात्र सतत बदल सर्वत्र होतात, अगदी राजवाड्यातही. राणी एलिझाबेथ यांच्या नाताळच्या भाषणांचा अभ्यास जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. १९५० च्या दशकाच्या तुलनेत १९८० च्या दशकात त्यांचे स्वर सामान्य दक्षिणी इंग्रजीकडे सरकलेले आढळले.

प्रश्न : मी एका कंपनीत काम करते. बैठकीत माझ्या इंग्रजीच्या मराठी वळणावर दोन सहकारी हसले, तेव्हापासून तोंड उघडायला धीर होत नाही. अ‍ॅक्सेंट घालवण्याचे वर्ग लावावेत का?

उत्तर : जे घडले ते अपमानास्पद होते, हे आधी स्पष्टपणे सांगतो. अ‍ॅक्सेंट नसलेला माणूस जगात नाही. ज्याला आपण 'अ‍ॅक्सेंट नसलेले' इंग्रजी समजतो ते एका वर्गाचे इंग्रजी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांची मुले निवासी शाळांत एकत्र वाढली आणि कोणत्याच प्रांताची खूण नसलेली एक ढब त्यांच्यात रुजली. डॅनियल जोन्स यांनी १९१७ च्या उच्चारकोशात तिची नोंद केली, आणि पुढे बीबीसीच्या निवेदकांनी ती घरोघरी पोहोचवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स यांनी आपल्या उत्तरी हेलात बातम्या दिल्या, तेव्हा तक्रारी आल्या. बातम्या त्याच होत्या.

ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. डोनाल्ड रुबिन यांच्या १९९२ च्या प्रयोगात अमेरिकन विद्यार्थ्यांना इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीचे एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परदेशी अ‍ॅक्सेंट ऐकू आला, जो त्या ध्वनिफितीत नव्हताच, आणि त्यांना व्याख्यानही कमी समजले. तेव्हा समोरच्याला समजले नाही, याचा सगळा दोष आपल्याकडे घेऊ नका.

वर्ग लावायचाच असेल, तर अ‍ॅक्सेंट घालवण्यासाठी लावू नका, स्पष्टतेसाठी लावा. आणि त्यातही 'त-ट'च्या मागे फार लागू नका. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो, इंग्रजीत मात्र एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि पहिले 'फ' एवढेच उरते, तर 'फोटोग्राफिक'मध्ये तो 'ग्रॅ'वर येतो. जोर चुकीच्या जागी पडला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. 'ट' मराठी वळणाचा असला तर मात्र त्याचे काही अडत नाही. शब्दकोशात उच्चार देताना जोराच्या अक्षरापूर्वी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ दिलेली असते. आपल्या कामात रोज लागणारे चाळीस-पन्नास शब्द काढा, त्यांची ती रेघ पाहून ठेवा, आणि पुढच्या बैठकीपूर्वी ते मोठ्याने म्हणा.